पंपाला किती मिली?

जालना हे बियाण्यांचं गाव. १९६४ साली बद्रीनारायण बारवाले यांनी इथे महिको उभी केली. आज बी, खत, औषध आणि टॉनिक यांवर मत नसलेला माणूस जालन्यात मुद्दाम शोधावा लागतो. कृषी सेवा केंद्राच्या काउंटरवर दिवसभर एकच प्रश्न ऐकू येतो, "पंपाला किती मिली?" हा पंप म्हणजे पाठीवरचा, फवारणीचा. पण हाच प्रश्न घेऊन काही मंडळी स्पेअर पार्टच्या दुकानात शिरतात, तेव्हा त्यांच्या मनातला पंप वेगळा असतो.

हे डोसवाले काका.

काकांकडे एमएच-२१ पासिंगची जुनी डिझेल गाडी असते. कुणाकडे इंडिका, कुणाकडे सुमो, कुणाकडे बोलेरो. पंधरा वर्षं उलटून पुन्हा पासिंग झालेलं असतं, पर्यावरण कर भरलेला असतो, आणि त्या पावतीकडे काका नातवाच्या गुणपत्रिकेसारखे बघतात. पण त्यांची खरी ओळख पटते ती डिकी उघडल्यावर. स्टेपनीशेजारी जुन्या बनियनमध्ये गुंडाळलेल्या तीन बाटल्या. एक इंजेक्टर साफ करणारी, दुसरी सीटेन वाढवणारी. तिसरीचं लेबल डिझेलनं पार विरघळलंय, म्हणून ती सगळ्यांत जालीम. सोबत निळं नरसाळं आणि कपाशीच्या औषधाच्या बाटलीचं मापाचं झाकण.

डिझेल भरायला गेले की काका आधी स्वतः खाली उतरतात. पंपावरचा पोरगा नळी घेऊन ताटकळत असतो, मागची मोटारसायकल हॉर्न वाजवते. काका झाकण डोळ्यांच्या रेषेत धरून माप बघतात आणि सावकाश ओततात. "आधी औषध, वरून डिझेल. म्हणजे आपोआप ढवळलं जातं." हे त्यांचं अगदी बरोबर आहे. चुकतं ते पुढे. बाटलीवर लिहिलेलं असतं, एक बाटली पूर्ण टाकीला. काका बाटली पूर्ण ओततात आणि डिझेल टाकतात पाचशेचं.

काकांचा अभ्यास दांडगा असतो, फक्त तो अर्ध्यावर थांबलेला असतो. १ एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-६ इंधन आलं, डिझेलमधलं गंधक दहा लाखांत पन्नास भागांवरून दहावर आलं, हे त्यांना तोंडपाठ. इंजिनाच्या जुन्या डिझेल पंपाला वंगण डिझेलचंच मिळतं आणि गंधक काढताना ते वंगण कमी होतं, हेही माहीत. रिफायनरी तेवढ्यासाठीच वंगण देणारं द्रव्य वेगळं मिसळते, हा उत्तरार्ध मात्र त्यांच्यापर्यंत पोचत नाही. "गंधक काढलं म्हणजे डिझेलचा जीवच काढला की!" असं म्हणून ते टाकीत थोडं टू-टी ऑइलही सोडतात.

महिन्यातून एकदा गाडीचं पोट साफ करण्यासाठी समृद्धी महामार्ग. डिसेंबर २०२२ मध्ये तो जालन्यावरून सुरू झाला, तेव्हा नागपूर जवळ आलं म्हणून लोक खूश झाले. काका खूश झाले कार्बन जाळायला मोकळा रस्ता मिळाला म्हणून. मर्यादा ताशी १२० ची. काका ८० वर गाडी लावतात आणि आरशात धूर बघत राहतात.

धुराचं शास्त्र मिस्त्रीनं त्यांना कितीदा तरी सांगितलंय. काळा धूर म्हणजे हवा कमी पडते किंवा डिझेल जास्त पडतं, आधी एअर फिल्टर बघा. निळा म्हणजे ऑइल जळतंय. थंडीत सकाळी पांढरा म्हणजे डिझेल न जळताच बाहेर येतंय. तीन धूर, तीन दुखणी. काकांचा डोस तिन्हींना एकच.

"काका, बाटली वाईट नाही," मिस्त्री म्हणतो. "पण तुम्ही गाडीला दवाखान्यात आणतच नाही. मेडिकलवरच भागवता."

मग एका चतुर्थीला राजूरच्या गणपतीला जाताना गाडी आचके देते आणि बंद पडते. काका बॉनेट उघडून हातपंप दाबतात, हवा काढतात. गाडी दोन फर्लांग जाते, पुन्हा बसते. काकू दूर्वा मांडीवर घेऊन खिडकीतून एवढंच विचारतात, "आज औषध पाजलं होतं का?"

औषधानं काम केलेलं असतं, हीच तर गंमत. टाकीच्या तळाशी वर्षानुवर्षं बसलेला गाळ त्यानं सोडवला आणि तो सगळा फिल्टरमध्ये येऊन बसला. मिस्त्री फिल्टर उलटा करतो, तर चहाच्या चोथ्यासारखा काळा राडा. तळाचं पाणी कधी सोडलंय का, असं विचारल्यावर काका खाली बघतात.

नोझल डिझेल पंप दुरुस्त करणाऱ्या पंपवाल्याकडे जातात. तिथे एकेक नोझल स्टँडवर चढवून तो दांडा दाबतो, काटा शंभरच्या पुढे जातो. पहिल्या नोझलमधून कर्र आवाज करत धुक्यासारखा फवारा उडतो. काका हात पुढे करतात, तसा पंपवाला ओरडतो, "हात नका लावू, चामडीत घुसतं ते!" दुसरा फवाराही तसाच. तिसरं नोझल नुसतं ठिबकतं, गळक्या नळासारखं. त्याची सीट झिजलीय. चिकटलेला थर बाटलीनं सुटतो, झिजलेलं लोखंड कोणत्या बाटलीनं भरून येणार? काका थेंबांकडे बराच वेळ बघतात आणि म्हणतात, "ठिबक झालं की हे."

नवं नोझल, नवा फिल्टर, धुतलेली टाकी. गाडी अर्ध्या सेल्फला सुरू होते. चौकात काका सांगतात, "दोन महिने औषध दिलं, आता लागू पडलं."

मुलाच्या आग्रहानं शेवटी एक गिऱ्हाईक येतं. गाडी फिरवून बघतं, धूर बघतं, भाव ठरतो. किल्ली देता देता काका त्याला बाजूला घेतात आणि हळूच म्हणतात, "कालच डोस टाकलाय. टाकीत आणखी अर्धी बाटली औषध शिल्लक आहे. त्याचे तेवढे वेगळे द्या."