शाळा हिरवी कशी करावी : होतकरू मुख्याध्यापकांसाठी

आपण सोनईत किंवा पंचक्रोशीत माध्यमिक शाळा चालवत असाल आणि येत्या जूनपासून ती 'पर्यावरण व करिअर केंद्रित' करायचा ठराव संचालक मंडळाने केला असेल, तर सर्वप्रथम घाबरू नये. यातलं बरंचसं काम रंगाऱ्याकडून करून घेता येतं.

साहित्य : हिरवा ऑइलपेंट, दोन फ्लेक्स, करंजाची रोपं, शाल-श्रीफळ आणि एक उत्साही विज्ञान शिक्षक. शेवटचा जिन्नस नसला तरी चालतो. असलाच तर बेताने वापरावा, कारण तो मुलांना प्रश्न विचारायची सवय लावतो.

सुरुवात दर्शनी भिंतीपासून. तिथे पेंग्विन, डॉल्फिन आणि ध्रुवावरचं पांढरं अस्वल काढून घ्यावं. मुळेचा कालवा काढू नये. कालवा म्हटला की पाणी दाखवावं लागतं, आणि आवर्तन कधी सुटणार हे विचारायला पालक थेट ऑफिसात येतात.

जागतिक पर्यावरण दिन 5 जूनला असतो आणि तेव्हा आपल्याकडे उन्हाळ्याची सुट्टी चालू असते. ही सोय कोणी केली माहीत नाही, पण तिचा लाभ घ्यावा. शाळा उघडल्यावर रोपं लावावीत, फोटो काढावा. रोपांची नावं मात्र हजेरीपटावर घेऊ नयेत, मार्चमध्ये गैरहजेरी मांडावी लागते. अभ्यासक्रमाची काळजी नको, विषय कागदावर आहेच. एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने 1991 सालीच शाळांतून पर्यावरण शिकवायला सांगितलं. नववी-दहावीला जलसुरक्षा आहे, तोही श्रेणीचा विषय. श्रेणीचा म्हणजे ज्याच्या तासाला गणिताचे सर येतात.

आता खरा धोका. गणिताचे सर आले आणि त्यांनी जलसुरक्षेचंच गणित घातलं तर?

उदाहरण असं. आपल्या भागात वर्षाला जेमतेम पाचशे-सहाशे मिलिमीटर पाऊस पडतो. पाटपाण्यावरच्या उसाला दोन ते अडीच हजार मिलिमीटर पाणी लागतं. उरलेलं कुठून येतं? आठवीतलं पोरगंही वजाबाकी करतं आणि उत्तर काढतं : कालव्यातून, विहिरीतून, बोअरमधून. पुढचा प्रश्न ते घरी जाऊन बापाला विचारतं, आणि बाप आपल्याला फोन करतो. नागरिकशास्त्राच्या बाईही काही कमी नाहीत. बारागाव नांदूरचं मुळा धरण 26 टीएमसीचं. 15 ऑक्टोबरला पैठणच्या जायकवाडीचा उपयुक्त साठा 65 टक्क्यांच्या खाली असेल तर मुळेसारख्या वरच्या धरणांनी किती पाणी सोडावं, याचं सूत्र मेंढेगिरी समितीने 2013 साली मांडलं. यावर वर्गात वाद लावला की खरं समन्यायी पाणीवाटप काय असतं ते कळतं. विशेषतः ज्या शिक्षकांची सासुरवाडी पैठणला आहे त्यांना.

त्यामुळे सहल कोकणात न्यावी. समुद्राच्या पाण्यावर आपल्याकडे कोणाचा हक्क नाही.

गावातल्या मुळा सहकारी साखर कारखान्यावर अभ्यासासाठी नेण्याचा मोह होईल. साखर कारखाना म्हणजे आठवी ते दहावीचं अख्खं विज्ञान एका आवारात : चिपाड जाळून वाफ आणि वीज, मळीपासून अल्कोहोल, प्रेसमडपासून खत, आणि डिस्टिलरी असेल तिथे स्पेंट वॉशची विल्हेवाट. करिअरही तिथेच : केमिस्ट, फिटर, बॉयलर अटेंडंट, हार्वेस्टर चालवणारा. पण बस गेटपर्यंत जाताना वाटेत ऊसतोड मजुरांच्या कोप्या दिसतात. बीडकडून, पाथर्डीकडून आलेल्या टोळ्या असतात, आणि आपल्या विद्यार्थ्यांच्या वयाची मुलं मोळ्या उचलत असतात. त्यांच्यासाठी साखरशाळा निघाल्या, गावीच थांबावं म्हणून हंगामी वसतिगृहं निघाली. तरी दिवाळी झाली की मुलं आईबापांबरोबर निघतातच. त्यांचं करिअर कोयत्यानेच ठरवलेलं. एखादीने बसमध्ये विचारलं, "सर, ह्यांची कलमापन चाचणी झाली का?" तर ड्रायव्हरला गाणी लावायला सांगावं.

ही चाचणी शासनाने दहावीसाठी 2016 साली सुरू केली होती. तिची आठवण काढायची गरज नाही. करिअर दिनाला स्पर्धा परीक्षा पास झालेला एक अधिकारी बोलवावा, तोच पुरतो. ठिबकची दुरुस्ती करणारा, सोलर पंप बसवणारा, माती-पाणी तपासणारा, घोडेगावच्या कांदा बाजारात प्रतवारी सांगणारा, असल्यांना स्टेजवर बसवू नये. मुलांना ती माणसं ओळखीची निघतात, आणि मग शाल देताना आपलीच पंचाईत होते.

शेवटी दोन वाईट उदाहरणं, टाळण्यासाठी. पुणे जिल्ह्यातल्या पाबळला डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी 1983 साली विज्ञान आश्रम काढला. इलिनॉयमधून पीएचडी केलेला आणि हिंदुस्तान लिव्हरच्या संशोधन विभागात काम केलेला माणूस खेड्यातल्या पोरांना वेल्डिंग, शेती-पशुपालन, ऊर्जा-पर्यावरण, गृह-आरोग्य हाताने करायला लावायचा, तेही गावाला लागणारी कामं घेऊन. हा अभ्यासक्रम पुढे इतर माध्यमिक शाळांतही गेला. दुसरं उदाहरण आपल्याच जिल्ह्यातलं. हिवरे बाजारला दरवर्षी पाऊस मोजतात, ग्रामसभेत पाण्याचा ताळेबंद मांडतात आणि मग पिकं ठरवतात. ऊस घेत नाहीत. असली गावं मुलांना दाखवली की ती परत येऊन भिंतीवरचं अस्वल पुसायला मागतात.

एवढं वाचूनही शाळा खरोखरच बदलायची असेल तर खर्च फार नाही. गच्चीवर एक पर्जन्यमापक बसवा, शाळेच्या विहिरीत किंवा बोअरमध्ये दर महिन्याला दोर सोडून पाण्याची पातळी घ्या. दोन्ही आकडे मुलांनाच लिहू द्या, तेही रस्त्यावरून वाचता येतील अशा फळ्यावर. माती तपासायला राहुरीचं महात्मा फुले कृषी विद्यापीठ जवळच आहे. रंगाऱ्याला सध्या नाही म्हणून कळवा.