दशांशाचा खोका कसा बनवावा: नवशिक्यांसाठी

साहित्य: लाइट गेल्यावर वीस मिनिटं तरी तग धरणारा एक लॅपटॉप, कामापुरतं पायथन, आणि खोक्यात आकडे भरायला राजी असलेला एक चुलता. पहिल्या दोन वस्तू कुठंही मिळतात. तिसरी मला सेनगाव तालुक्यातल्या आमच्या साखऱ्यात घरबसल्या मिळाली, आणि या कृतीत जे काही शिकण्यासारखं आहे ते तिच्यामुळेच.

करायचंय काय, तर सोयाबीन आणि हळदीच्या कट्ट्यांची नोंद ठेवणारा एक साधा फॉर्म. त्यात एक खोका: ‘वजन (क्विंटल)’. खोक्यात दशांश संख्या सोडून दुसरं काही जाऊ नये, एवढीच अट.

नवशिक्याने पहिली चूक उत्साहाने करावी, म्हणजे पुढे करायची राहत नाही. टीकेइंटरमध्ये, म्हणजे पायथनच्या फॉर्म बनवायच्या साधनात, दर कळ दाबल्यावर तपासणी लावा: जे लिहिलंय त्याची संख्या होते का? होत असेल तर येऊ द्या, नसेल तर कळच खाऊन टाका. चुलत्यानं 7 दाबला, आला. चुकून दाबला होता, म्हणून खोडायला गेला, खोडेना. कारण 7 खोडल्यावर उरतो रिकामा खोका, आणि रिकाम्याची संख्या होत नाही, म्हणून तुमचा पहारेकरी खोडायलाच मनाई करतो. शिवाय पाव क्विंटल म्हणून टिंबापासून सुरुवात केली तर टिंबही उमटत नाही. ‘कीबोर्ड बिघडला का रे तुझा?’ असं विचारलं जाईपर्यंत थांबा.

यावर उतारा असा की संख्येला तीन अवस्था असतात हे मान्य करायचं: चूक, बरोबर, आणि अजून लिहिणं चाललंय. क्यूटी नावाच्या तशाच दुसऱ्या साधनात ही तिसरी अवस्था तयारच मिळते. टीकेइंटरवाल्यांनी टायपिंग चालू असताना गप्प बसावं आणि माणूस खोक्यातून बाहेर पडल्यावर बोलावं. घरी आलेला पाहुणा वाक्य पुरं करेपर्यंत आपण थांबतोच की.

आता कोणकोणते आकडे येतात ते पाहू. फोनवर मराठी कळफलक असला की १२.५ येतं. पायथन ते निमूट वाचतं. जावाची गंमत पाहा: पूर्णांक वाचताना तिला १२ चालतं, दशांश वाचताना १२.५ दिसलं की ती हातपाय गाळते. रकमेच्या खोक्यात चुलता 1,25,000 लिहिणार, स्वल्पविरामांसकट, कारण शाळेत तसंच शिकवलंय. पायथन नाही म्हणतं, ते परवडलं. जावास्क्रिप्टचं पार्सफ्लोट मात्र पहिल्या स्वल्पविरामापाशी थांबून 1 एवढंच घेतं, तेही तक्रार न करता. सव्वा लाखाचा रुपया! नाही म्हणणाऱ्या यंत्रापेक्षा असं गोड बोलून हो म्हणणारं यंत्र मला जास्त भीतीदायक वाटतं.

आणखी एक पाहुणा सांगून ठेवतो. ‘nan’ ही तीन अक्षरं पायथन संख्या म्हणून घेतं; अर्थ, ‘संख्या नाही’. तुम्ही लिहिलं असेल की शून्यापेक्षा लहान किंवा शंभरापेक्षा मोठं आलं तर नाकारा. हे महाशय कशापेक्षाच लहानमोठे नसतात, त्यामुळे दोन्ही दारांतून सुखरूप आत येतात. अट उलटी लिहा: शून्य ते शंभरच्या आत असेल तरच घ्या.

इथवर आलात की खोका तयार झाला, असं वाटेल. मलाही वाटलं. मग चुलत्यानं 12.5 भरलं. खोका हिरवा. वजन होतं बारा क्विंटल पाच किलो. यंत्रानं धरलं बारा क्विंटल पन्नास. पंचेचाळीस किलोचा फरक. हिशोबाला सोपा म्हणून दहा हजारांचा भाव धरला तर साडेचार हजार रुपये.

त्याचं चुकलं असं म्हणायला माझी जीभ वळेना. त्याच्या लेखी टिंब म्हणजे दोन मापांमधलं कुंपण: अलीकडे क्विंटल, पलीकडे किलो. शेताचंही तसंच. दोन एकर वीस गुंठे तो 2.20 लिहितो. एकरात चाळीस गुंठे, म्हणजे जमीन अडीच एकर. यंत्राच्या मते मात्र दोन एकर आठ गुंठे. बारा गुंठे टिंबानं गिळले. आणि ही सवय एकट्या त्याची नाही, सातबाऱ्याचीच आहे. तिथं क्षेत्र 1.20.50 असं दोन टिंबांनी लिहितात: 1 हेक्टर, 20 आर, 50 चौरस मीटर. खरा दशांश 1.2050 हेक्टर. कुठलाही शहाणा खोका दुसरं टिंब नाकारेल, आणि आमच्याकडे दुसरं टिंब सरकारी आहे. 2021 पासून ई-पीक पाहणीत शेतकरी पिकाची नोंद स्वतः ॲपवर करू लागला. तेव्हापासून खोक्यात आकडा भरणं हेही शेतीकामच झालंय.

मुळात रोजच्या व्यवहारात दशांश आपल्याकडे उशिरा आला. रुपयाचे 100 नवे पैसे झाले 1 एप्रिल 1957 ला. त्याआधी 16 आणे, 64 पैसे. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी असे पाढे पाठ करून वाढलेल्या घरांत डोक्यातला हिशोब दहाचा नसतो, चाराचा असतो. चुलता 1.75 म्हणत नाही, पावणेदोन म्हणतो, आणि त्यात त्याची चूक कधी होत नाही.

म्हणून शेवटची पायरी: खोका मोडा. दोन करा, एक क्विंटलचा, एक किलोचा, दोन्हींत फक्त पूर्णांक, आणि किलोच्या खोक्यात 99 च्या पुढं काही नको. आत साठवतानाही सगळे किलोच ठेवा, यंत्राला 0.1 आणि 0.2 ची बेरीज नेमकी 0.3 जमत नाही, हे अडतीवर कुणाला पटवून सांगणार? यात कमीपणा मानू नका. सायमन स्टेव्हिननं 1585 मध्ये युरोपला दशांश समजावले, तेव्हा त्याच्याही लिखाणात टिंब नव्हतं. प्रत्येक अंकाचं स्थान तो वर्तुळातल्या आकड्यानं दाखवायचा. म्हणजे पाट्या लावलेले खोकेच.

खाली एक ओळ वाढवा: भरलेलं वजन बोलीत वाचून दाखवणारी. नियम सोपा वाटला. किलो 25 असतील तर ‘सव्वा’, 50 असतील तर ‘साडे’, 75 असतील तर ‘पावणे’ लावून पुढचा आकडा. चुलत्यानं 1 आणि 50 भरलं. पडद्यावर उमटलं: साडेएक क्विंटल. त्यानं चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचलं, आणि चुलतीला हाक मारली, ‘अगं, इकडं ये, पोरानं नवीन माप काढलंय.’