तयारशेठ

प्रत्येक ट्रेकिंग ग्रुपमध्ये एक तयारशेठ असतो. पहाटे लोणावळ्याला उतरलेल्या घोळक्यात तो लांबूनच ओळखू येतो. सॅकला बाहेरून शिट्टी, होकायंत्र, कॅराबिनर असं इतकं लटकलेलं असतं की आत काय उरलं असेल, असा प्रश्न पडावा. आणि डाव्या पट्ट्यावर, अगदी छातीपाशी, रबरबँडनं आवळलेलं टुर्निकेट.

"हे काय हो?" असं कुणी नवख्यानं विचारायचीच खोटी. "मांडीची धमनी फाटली तर माणूस काही मिनिटांत संपतो!" हे तो इतक्या आनंदानं सांगतो, की ऐकणारा नकळत आपली मांडी चाचपतो. जखमेच्या वर दोन-तीन इंच, सांध्यावर नाही, रक्त थांबेपर्यंत दांडी पिळायची, बांधल्याची वेळ लिहायची. पाठांतर चोख. फक्त साप चावला तरी हेच बांधायचं, असं तो वर जोडतो. ते साफ चूक आहे. पण तयारशेठला थांबवायला टुर्निकेट पुरत नाही.

बाहेर लटकवायची तऱ्हा त्यानं अमेरिकी सैनिकांच्या फोटोंवरून उचललेली. अफगाणिस्तानात ऊन-धूळ खाल्लेल्या त्यांच्या टुर्निकेटांची कोऱ्यांशी तुलना करणारा अभ्यास २०११ साली प्रसिद्ध झाला. वापरातली जास्त मोडत होती, रक्तप्रवाहही कोऱ्यांइतक्या भरवशानं थांबवत नव्हती. तयारशेठपर्यंत फोटो तेवढे पोचले. त्याच्या छातीवरच्या काळ्या पट्टीनं इतके उन्हाळे काढलेत की ती आता राखाडी झालीय, रबरबँड सुकून कडक झालाय आणि व्हेल्क्रोत राजमाचीचा चिखल कायमचा राहायला आलाय.

परवा गडावरच्या देवळात पाऊस थांबायची वाट बघताना त्याला प्रात्यक्षिकाची हुक्की आली. एक कॉलेजकुमार जखमी म्हणून आडवा झाला. ग्रुपमध्ये एक नर्स होती. ती हळूच म्हणाली, "दादा, हे झाकणाच्या पाऊचमध्ये ठेवा ना, दोन्ही हातांना पोचेल असं. आणि सरावाचं वेगळं असू द्या."

"ओरिजिनल आहे, ताई!" म्हणत त्यानं दांडी पिळली. दुसऱ्या पिळाला 'कट्' झालं. अर्धी दांडी हातात, अर्धी नंदीपाशी.

"डुप्लिकेट निघालं साल्याचं," तयारशेठ क्षणात सावरला. "म्हणूनच मी दोन बाळगतो!"

दुसरं सॅकच्या तळाशी होतं. आधी थेपले निघाले, मग चादर, पॉवरबँक, ओला टॉवेल, सुक्या भेळेची पिशवी. शेवटी टुर्निकेट निघालं ते कंपनीच्या प्लॅस्टिकमध्ये सीलबंद. ओल्या बोटांना ते फाटेना. चाकू? तो दुसऱ्या कप्प्यात. मग दात लावले.

"बघा, एकदम कोरं!" त्यानं विजयानं वर धरलं आणि मांडी शोधली. जखमी केव्हाच उठून भेळेत कांदा चिरत होता.