टेलोमिअर राहू द्या, आधी बीपी मोजा

रक्ताचा थेंब पाठवा आणि आपलं 'खरं वय' ओळखा, अशा जाहिराती हल्ली मोबाइलवर येतात. चाचणी टेलोमिअरची. पाठोपाठ टेलोमिअर लांबवणाऱ्या गोळ्याही येतात. जालन्यात कोणी यासाठी खिशात हात घालणार असेल, तर त्याने आधी औद्योगिक वसाहतीतल्या एखाद्या स्टीलच्या भट्टीवर तासभर उभं राहून यावं.

शास्त्राबद्दल माझी तक्रार नाही, ते पक्कं आहे. आपल्या गुणसूत्रांच्या टोकांना डीएनएची तीच सहा अक्षरं त्याच क्रमाने शेकडो-हजारो वेळा येतात, ते टेलोमिअर. पेशीचं विभाजन झालं की टोक जरा झिजतं. फारच आखूड झालं की पेशीचं विभाजन थांबतं. धूर, ताण आणि शरीरात धुमसणारा दाह ही झीज वाढवतात. टेलोमिअरवरच्या मूळ संशोधनासाठी एलिझाबेथ ब्लॅकबर्न, कॅरोल ग्रायडर आणि जॅक शोस्टाक यांना 2009 चं नोबेल मिळालं.

हृदयाशी असलेलं नातंही खरं आहे. 2003 मध्ये अमेरिकेतल्या युटा राज्यातल्या साठीपुढच्या 143 जणांचा अभ्यास 'लॅन्सेट'मध्ये आला. ज्यांचे टेलोमिअर आखूड, त्यांच्यात हृदयविकाराने मरण्याचं प्रमाण तिपटीहून जास्त निघालं. पुढे 2014 मध्ये 24 अभ्यासांतल्या 43 हजारांहून अधिक लोकांची आकडेवारी एकत्र केली, तेव्हा सर्वांत आखूड आणि सर्वांत लांब टेलोमिअरवाल्यांत हृदयधमन्यांच्या विकाराचा फरक साधारण दीडपट उरला. हा फरक हजारो लोकांच्या सरासरीत दिसतो. एकाच वयाच्या दोन धडधाकट माणसांच्या टेलोमिअरमध्ये मुळातच इतकी तफावत असते, की एकट्या माणसाला त्यावरून काही सांगता येत नाही. कॅरोल ग्रायडर यांनी स्वतः अशा चाचण्या लोकांना विकण्याला उघड विरोध केला होता. ज्यांना त्या शोधाचं नोबेल मिळालं, त्यांचं तरी ऐका.

आता भट्टीकडे या. जालन्याचं स्टील भंगारातून होतं. गंजके पत्रे, गाड्यांचे सुटे भाग, रंग लागलेले डबे, तेलकट लोखंड इंडक्शन भट्टीत पडतं. रंग आणि तेल जळतं, पत्र्यावरचं जस्त उडतं आणि तपकिरी धुराचा लोट थेट भंगार टाकणाऱ्याच्या तोंडावर येतो. त्याच्या नाकावर गमछा असतो. गमछा मोठी धूळ अडवतो. पीएम 2.5 चे अतिसूक्ष्म कण त्यातून आरपार जातात, फुप्फुसात खोल उतरतात, दाह वाढवतात आणि रक्ताच्या गुठळ्या व्हायला हातभार लावतात. राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमातल्या प्रदूषित शहरांच्या यादीत जालना आहे, ते उगीच नाही.

अशाच कामगारांवर इटलीत एक अभ्यास झाला. ब्रेशियाजवळच्या विजेच्या भट्टीच्या पोलाद कारखान्यातल्या 63 कामगारांचं रक्त दोन दिवसांच्या सुट्टीनंतर घेतलं आणि तीन दिवस काम झाल्यावर पुन्हा घेतलं. 2011 मध्ये निकाल छापून आला. धुरात तीन दिवस काढल्यावर त्यांच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशींचे टेलोमिअर आधीपेक्षा लांब निघाले! धुराने कोणी तरुण होत नाही. दाह उसळला की रक्तात पांढऱ्या पेशींची नवी भरती होते, त्यामुळे आकडा वर गेला असावा, असा अंदाज आहे. वर्षानुवर्षं धूर घेतला की मात्र उलट घडतं. मिलानमध्ये रस्त्यावर उभ्या राहणाऱ्या वाहतूक पोलिसांचे टेलोमिअर कचेरीत बसणाऱ्यांपेक्षा आखूड आढळले. म्हणजे सलग पाळ्या करून आलेल्या भट्टीवाल्याच्या हातात ही चाचणी 'तुम्ही तरुण आहात' असा कागद ठेवू शकते. त्या कागदावर विसंबून त्याने छातीतली कळ अंगावर काढली तर?

गोळ्यांचंही ऐकून घ्या. जन्मतःच ज्यांच्या जनुकांत लांब टेलोमिअरचा कल असतो, त्यांना हृदयविकार कमी, पण अनेक प्रकारचे कर्करोग जास्त, असं 2017 मध्ये दिसून आलं. टेलोमिअर लांबवण्याच्या नावाने गोळ्या विकणाऱ्या एका कंपनीवर अमेरिकेच्या व्यापार आयोगाने 2018 मध्ये बिनपुराव्याच्या दाव्यांसाठी कारवाई केली. तिथे जे चाललं नाही, ते इथे गळ्यात मारून घेऊ नका.

हृदयविकार कशाने येतो, हे आपल्याला पुरेसं माहीत आहे. 52 देशांत झालेला 'इंटरहार्ट' अभ्यास 2004 मध्ये आला. पहिल्या झटक्याचा सुमारे नव्वद टक्के धोका नऊ गोष्टींवर ठरतो, असं दिसलं: धूम्रपान, कोलेस्टेरॉल, रक्तदाब, साखर, पोटाचा घेर, मनावरचा ताण, फळं-भाज्या, व्यायाम आणि दारू. त्या यादीत टेलोमिअर नाही. दक्षिण आशियातल्या माणसाला पहिला झटका सरासरी 53 व्या वर्षी येतो, इतरांना जवळपास 59 व्या. आपल्या घरातला कर्ता पुरुष पाच-सहा वर्षं आधी कोसळतो. पोरांची शिक्षणं तेव्हा अर्धवट असतात.

ताणाचंही तेच. आजारी लेकरांची वर्षानुवर्षं सेवा करणाऱ्या आयांचा अभ्यास 2004 मध्ये झाला. सर्वाधिक ताणाखालच्या बायकांच्या पेशी टेलोमिअरवरून दहा वर्षांनी जास्त म्हाताऱ्या दिसल्या. जालना जिल्ह्यातल्या घनसावंगी-मंठ्याकडून कोयता घेऊन उसाच्या फडात जाणारी बाई पोटुशी असली तरी मोळी उचलते, पहाटे उठून भाकरी थापते आणि गाडी भरायला अर्ध्या रात्री पुन्हा उभी राहते. तिचा ताण ओळखायला प्रयोगशाळा लागत नाही. उचल फिटेना, हे तिला विचारलं की ती सांगते.

म्हणून माझं मागणं टेलोमिअरचं नाही. भट्टीवर धूर ओढणारी यंत्रणा रात्रपाळीतही चालू राहिली पाहिजे आणि हवेचे आकडे कामगाराला वाचता येतील असे गेटवर लागले पाहिजेत. कंत्राटी असो की कायम, प्रत्येकाचा रक्तदाब आणि साखर गेटवरच तपासून कार्डावर लिहा. परराज्यातून आलेला कामगार कारखाना बदलेल, तेव्हा ते कार्ड त्याच्याबरोबर जाऊ द्या. बीपीची गोळी महाग नाही. महिन्याच्या मध्यावर ती संपू नये, एवढं आरोग्य उपकेंद्राने पाहावं. गुटख्यावर 2012 पासून राज्यात बंदी आहे, ती पानटपरीवर दिसू द्या. आणि मंठ्यात रात्री दोनला कोणाच्या छातीत कळ आली, तर ईसीजी काढणारा माणूस आणि गुठळी विरघळवणारं इंजेक्शन तिथल्याच सरकारी दवाखान्यात मिळायला हवं. आधी जालना गाठा, तिथून पुन्हा साठेक किलोमीटरवर संभाजीनगर, एवढा वेळ हृदयाचा स्नायू थांबत नाही.