कोंडीचे पालकत्व

दोन राष्ट्रीय महामार्ग माणगावच्या बाजारपेठेत भेटतात आणि एकदा भेटले की दोघांनाही पुढे जायची घाई राहत नाही. एक ६६ क्रमांकाचा, मुंबईहून गोव्याकडे निघालेला. दुसरा ७५३ एफ, दिघी बंदराकडून म्हसळा करत येणारा आणि निजामपूर, ताम्हिणी घाटातून पुण्याला जाणारा. शनिवारी सकाळी दिवेआगरला पोहायला निघालेला पुणेकर आणि चिपळूणला आईला भेटायला निघालेला मुंबईकर इथे काचा वर करून शेजारी शेजारी उभे असतात. पुणेकराची खात्री असते की ही सगळी गर्दी मुंबईवाल्यांची. मुंबईकराला ती पुणेवाल्यांची वाटते. माणगावच्या माणसाला रस्ता ओलांडून समोरच्या मेडिकलमध्ये जायचं असतं, पण त्याचं मत कुणी घेत नाही.

ही कोंडी कशामुळे होते हे सांगायला तज्ज्ञ समिती नको. मागे चौपदरी, पुढे चौपदरी आणि मध्ये माणगाव. चार पदरांतून आलेल्या गाड्या दोन पदरांत शिरतात. त्या दोनांपैकी एकावर मिनीडोर रिक्षावाले मोर्ब्याच्या सीटा भरत असतात. दुसऱ्यावर स्थानकातून बाहेर पडणारी एसटी आडवी आलेली असते, कारण सरळ यायला तिला जागाच मिळत नाही. उरल्यासुरल्या फटीतून मोटारसायकली. नाक्यावरचा पोलीस एका हाताने मुंबईला थांबवतो, दुसऱ्या हाताने गोव्याला, तेवढ्यात पुणं त्याच्या पाठीमागून घुसतं. दुपारपर्यंत त्याची शिट्टी नुसती तोंडात राहते. वाजवायचा उत्साह संपलेला असतो. मुंबईत कामावर उशिरा पोहोचलेल्या माणसाने 'माणगाववरून आलो' एवढं म्हटलं की साहेबही पुढे विचारत नाही. 'अलिबागहून आलास काय' या शेऱ्यावर बंदी आणा, अशी याचिका २०१९ साली उच्च न्यायालयाने फेटाळली होती. माणगावच्या वाट्याला निदान सहानुभूती तरी येते.

उपाय बायपास, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. इंदापूर (आपलं, रायगडातलं) आणि माणगाव असे दोन बायपास आराखड्यात आहेतही. काम सुरू झालं, थांबलं, ठेकेदार गेला, फेरनिविदा निघाली. भरावावर गवत उगवतं, गवतावर गुरं चरतात, आणि माणगाव परिसरात तेवढीच काय ती वाहतूक सुरळीत चालते.

पळस्पे ते इंदापूर हा चौपदरीकरणाचा पहिला टप्पा २०११ साली सुरू झाला. त्या वर्षी पहिलीत बसलेलं पोर आज स्वतःच्या लायसनवर गाडी चालवत त्याच रस्त्यावर उभं आहे. मुदती म्हणाल तर आम्हाला मुदतींची ददात कधीच पडली नाही. कोकणात मुदत 'गणपतीपूर्वी' अशीच सांगायची रीत आहे. कुठल्या गणपतीपूर्वी हे विचारणं अपशकुनाचं समजतात. २०२३ साली तेव्हाचे सार्वजनिक बांधकाम मंत्री रवींद्र चव्हाण यांनी गणपतीपूर्वी एक मार्गिका देतो म्हणून सांगितलं आणि दौऱ्यांवर दौरे काढले. त्याच ऑगस्टमध्ये राज ठाकरे यांनी पनवेलला चांद्रयानाला सल्ला दिला, की खड्डेच बघायचे होते तर चंद्रापर्यंत जायची काय गरज होती. मग मनसेने याच महामार्गावर पदयात्रा काढली. पदयात्रेचा मार्ग अचूक निवडला होता, कारण त्या रस्त्यावर गाडीपेक्षा चालणारा आधी पोहोचतो.

एप्रिल २०२५ मध्ये नितीन गडकरी यांनी जूनची मुदत दिली. जून उजाडला. ५ जूनला समृद्धी महामार्गाचा शेवटचा टप्पा खुला झाला आणि नागपूर ते मुंबई ७०१ किलोमीटर पूर्ण झाले. आमच्या जूनचं काय झालं ते विचारू नका. त्या वर्षी पाऊस मात्र मे महिन्यातच दाखल झाला. मुंबई-गोवा महामार्गावर मुदतीच्या आधी पोहोचलेला तो एकटाच.

पण रस्त्याला नावं ठेवण्यात अर्थ नाही. बिचारा रस्ता राजकारण पाहून शिकला. १८ जानेवारी २०२५ रोजी सरकारने पालकमंत्र्यांची यादी जाहीर केली आणि रायगड श्रीवर्धनच्या आमदार, मंत्री आदिती तटकरे यांच्या नावावर आलं. महाडचे आमदार, मंत्री भरतशेठ गोगावले यांच्या कार्यकर्त्यांना हे मान्य होण्यासारखं नव्हतं. ज्या शेठनी मंत्रिपदासाठी शिवलेला कोट दोन-अडीच वर्षं कपाटात जपला, त्यांना पालकमंत्रिपदासाठी आणखी कपाट शोधायला लावायचं म्हणजे काय? संतापलेले कार्यकर्ते रस्त्यावर उतरले. कुठल्या? तर मुंबई-गोवा महामार्गावर. महाडजवळ टायर पेटले, गाड्या अडल्या. जिल्ह्यातल्या कोंडीचा पालक कोण, हे ठरवण्यासाठी कोंडी करावी, हा विचार सुचायलाही इथलंच पाणी प्यावं लागतं. दुसऱ्या दिवशी मुख्यमंत्री गुंतवणूक आणायला दावोसला निघाले आणि त्याच रात्री रायगड व नाशिक या दोन जिल्ह्यांच्या नेमणुकांना स्थगिती आली. ज्या महामार्गावर पंधरा वर्षांत एकही काम वेळेत झालं नाही, तिथे रास्ता रोकोचा निकाल चोवीस तासांच्या आसपास लागला. या रस्त्याची खरी क्षमता त्या रात्री कळली.

नीट पाहिलं तर महायुती हाच एक तिपदरी महामार्ग आहे. विधानसभेत ऐसपैस चालतो, बहुमताचा वेगही चांगला. पण पालकमंत्रिपद आलं की तीन पदरांचा एक पदर होतो, आणि तिथे जो तो नाक पुढे घालून उभा. मागे घ्यायला कुणी तयार नाही, कारण मागच्याने तेवढ्यात नाक घातलेलं असतं. मग हॉर्न सुरू. हॉर्न म्हणजे पत्रकार परिषदा. हा वाद रंगत रंगत आदितीताईंचे वडील, खासदार सुनील तटकरे यांनी भरतशेठच्या खांद्यावरच्या नॅपकिनची नक्कल करण्यापर्यंत पोहोचला. माणगावात अडकलेले ट्रकवालेही खाली उतरून एकमेकांना अशाच नकला करून दाखवतात. त्यांचा वेळ जातो, आमचाही गेला. १२ एप्रिल २०२५ ला केंद्रीय गृहमंत्री अमित शहा रायगडावर आले, दुपारचं जेवण तटकरे साहेबांच्या सुतारवाडीत झालं. आता तिढा सुटणार म्हणून सगळा जिल्हा ताटाकडे डोळे लावून बसला. ताटं उचलली गेली, तिढा तसाच राहिला. पाहुणे हेलिकॉप्टरने आले-गेले. माणगाव त्यांच्याही वाटेत होतं, पण बरंच खाली. पुढे १५ ऑगस्टला अलिबागला झेंडा कोणी फडकवायचा यावर खल झाला आणि मान आदितीताईंना मिळाला. झेंड्याला पालक मिळाला, जिल्ह्याला नाही.

इथे एक तांत्रिक अडचण सांगायला हवी, कारण तिच्यामुळे बरेच गैरसमज होतात. पुढाऱ्यांना कोंडीची काळजी नाही असा लोकांचा समज आहे. तसं नाही. त्यांना ती दिसतच नाही. मंत्री कोंडीची पाहणी करायला येणार म्हटलं की आदल्या संध्याकाळपासून तयारी. मिनीडोर गल्लीत पाठवतात, फळांच्या गाड्या उचलतात, ट्रेलर इंदापूरच्या अलीकडे उभे करून ठेवतात, खड्ड्यांत रातोरात पेव्हर ब्लॉक बसतात. चौकात एरवी एक पोलीस असतो तिथे दहा दिसतात. मंत्र्यांचा ताफा वाऱ्यासारखा येतो, मंत्री खाली उतरतात, डावीकडे पाहतात, उजवीकडे पाहतात. रस्ता मोकळा. अधिकारी नकाशा उलगडून 'साहेब, इथे कोंडी होते' असं सांगतात आणि साहेब त्यांच्याकडे अविश्वासाने पाहतात. ते गेल्यावर अडवलेले ट्रेलर एकदम सुटतात. त्या दिवशीची कोंडी वर्षातली सर्वांत मोठी ठरते, पण तोवर पाहणी अहवाल समाधानकारक म्हणून नोंदवला गेलेला असतो.

समजा, उद्या या प्रश्नावर माणगावात सर्वपक्षीय बैठक भरलीच. मला तिचा वृत्तांत आजच लिहून देता येईल. सुरुवातीला सगळे एकमताने मागच्या सरकारला दोष देतील. मागच्या सरकारात आपणही होतो हे आठवलं की जरा शांतता पसरेल. मग एकजण म्हणेल, रस्त्यावरचे हातगाडीवाले हटवा. दुसरा कानात सांगेल, निवडणूक तोंडावर आहे, सबुरीने घ्या. एसटी स्थानक गावाबाहेर हलवावं असं कुणी सुचवलं की स्थानकासमोरचे दुकानदार उठून उभे राहतील. उड्डाणपूल बांधा म्हटलं की ज्यांची दुकानं पुलाखाली जातील ते बसल्या जागेवरून ओरडतील. बायपासची मागणी करणारा सगळ्यांत मोठ्याने बोलेल, पण हॉटेलवाले मान खाली घालून चहा ढवळत राहतील. वडखळचा बायपास झाला आणि गोव्याची गाडी नाक्यावर वड्यासाठी थांबेनाशी झाली, हे त्यांनी पाहिलं आहे. कोंडीत अडकलेला माणूस रागावतो खरा, पण रागावलेल्या माणसाला भूकही लागते. शीतपेय घेतो, ताडगोळे घेतो, पोरांना कणीस घेतो, बायकोला शौचालय शोधून देतो. माणगावची अर्थव्यवस्था थांबलेल्या गाड्यांवर चालते, हे कुठल्याही आराखड्यात लिहिलेलं नसतं. शेवटी सर्वानुमते ठराव होईल, की गणपतीपूर्वी अवजड वाहनांना बंदी घालावी आणि पर्यायी मार्ग जाहीर करावेत. बंदी दरवर्षी येतेच. पर्यायी मार्गांची यादीही भरघोस निघते: वाकणहून पाली, रवाळजे, निजामपूर, नाहीतर कोलाडहून विळे, निजामपूर. सगळे पर्याय रानावनातून, ओढ्यानाल्यांवरून फिरवून आणतात आणि प्रवाशाला थेट माणगावात सोडतात.

मोठी स्वप्नं पाहणाऱ्यांचीही या जिल्ह्यात वाण नाही. बॅरिस्टर अंतुले याच भागातले, म्हसळ्याजवळच्या आंबेतचे. ते मुख्यमंत्री असतानाच १९८१ साली कुलाबा जिल्ह्याचा रायगड झाला, आणि रेवस ते रेड्डी सागरी मार्गाची कल्पनाही त्यांचीच. खाड्यांवरचे कितीतरी पूल तेव्हापासून आश्वासनांत आहेत. नाव बदलायला वेळ लागला नाही. एवढ्यावरून राज्यकर्त्यांनी योग्य तो बोध घेतला आणि पुढे आमचा महामार्गही १७ वरून ६६ झाला. आकडा तरी चौपटीच्या जवळ गेला, पदर जातील तेव्हा जातील.

तर माझी एक विनंती आहे. पालकमंत्रिपदाचा आणि माणगावचा प्रश्न एकाच दिवशी निकालात काढता येईल. अलिबागला जिल्हा नियोजन समितीची बैठक लावावी, वार शनिवार, वेळ सकाळी अकराची. भरतशेठनी महाडहून निघावं, आदितीताईंनी श्रीवर्धनहून. दोन्ही मतदारसंघांतून येणारे रस्ते माणगावातच मिळतात, ही निसर्गाची नव्हे तर राज्यघटनेची योजना असावी इतकी ती चोख आहे. अट एकच: सायरन नाही, पायलट गाडी नाही, आधी फोन करून रस्ता मोकळा करून घ्यायचा नाही. साधी गाडी, साधा चालक, पुढे म्हसळ्याची मिनीडोर आणि मागे दिघीचा ट्रेलर. जो आधी अलिबागला पोहोचेल तो पालकमंत्री. दोघांनीही वेळेवर निघावं, काच खाली करून पोलिसाशी हुज्जत घालू नये, ताडगोळे मोजून घ्यावेत.

तोवर अलिबागच्या सभागृहात भाजपचे आमदार येऊन स्थिरस्थावर झालेले असतील. त्यांचे मतदारसंघ पनवेल, उरण आणि पेण. तिथून अलिबागला यायला माणगाव लागत नाही. शेकापवाल्यांना तर अलिबाग घरचंच, पण आता जिल्ह्यात त्यांचा आमदारच उरलेला नाही, त्यामुळे ते बाहेरच्या टपरीवर बसून तमाशा पाहतील. अकराचे बारा होतील, बाराचा एक. सभागृहात जेवणाची चौकशी सुरू होईल. अध्यक्षाची खुर्ची बराच वेळ मोकळी आहे हे एव्हाना आतल्या प्रत्येकाच्या लक्षात आलेलं असेल, आणि त्यातला एखादा ज्येष्ठ आमदार सहज उठून, पंखा तिकडे जरा बरा लागतो म्हणत, तिच्यावर जाऊन बसेल.