मुदतीचा मानपान

चक्रवाढ व्याजाच्या सूत्रात मुद्दल आणि दर खाली ऐसपैस बसलेले असतात. मुदत मात्र कंसाच्या खांद्यावर, घातांक म्हणून, बारीक अक्षरात. वरमाईसारखी. बोलणं थोडं, पण सगळा मांडव तिच्या भुवईवर चालतो. तरी ठेवीदार तिच्याकडे न बघता 'व्याज तिमाही धरता की मासिक?' यावरच घासाघीस करतो. त्या वादाचा निकाल याकोब बर्नुलीने १६८३ मध्येच लावला. शेकडा शंभर दराने वर्षाअखेर एका रुपयाचे दोन होतात. सहामाही चक्रवाढीने सव्वादोन, मासिक चक्रवाढीने २.६१, रोजच्या रोज मिळवलं तर २.७१. आता एखाद्या सावकाराने जेवणखाण सोडून क्षणाक्षणाला व्याज मुद्दलात घातलं, तरी गाडी २.७१८च्या पुढे फारशी सरकत नाही. एवढ्या उपासापोटी जादा मिळकत अर्ध्या पैशाहून कमी! हावेला गणिताने इतक्या सभ्यपणे दार दाखवल्याचं दुसरं उदाहरण शोधावंच लागेल.

मुदतीला मात्र असं कुंपण नाही. म्हणूनच जुन्या हिंदू कायद्याने दामदुपटीचा नियम घातला: एका वेळी वसूल होणारं व्याज मुद्दलाहून जास्त नको. मुंबई इलाख्यातल्या इंग्रजी न्यायालयांनीही तो मानला. कर्जदाराला असा आडोसा मिळाला. गुंतवणूकदाराला 'तीस वर्षांनी एक कोटी' ऐकवणाऱ्यांना कोण आवरणार? इलाज त्याच घातांकात आहे. त्याच्यामागे उणे चिन्ह लावलं की भविष्यातली रक्कम आजच्या रुपयांत उतरते. सात टक्के दराने तो कोटी आजचे जेमतेम तेरा लाख भरतो. माहितीपत्रकात कोटीशेजारी हा आकडाही तितक्याच ठळकपणे छापावा, एवढीच मागणी.

यावर म्हणतील, अशाने बचतीचा हुरूपच जाईल. का जावा? तेरा लाखही काही वाटेवर पडलेले नसतात, आणि कोटीच्या भरवशावर आजच बंगल्याचा रंग ठरवणाऱ्याला ते कळलेलं बरं. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: सातच टक्के कशावरून? नऊ धरले तर तेराचे साडेसात लाख होतात. खरं आहे, आणि म्हणून दोन्ही आकडे छापावेत. पण ही शंका नेमकी परतीच्या हिशेबातच का सुचते? कोटीपर्यंत चढतानाही दर गृहीतच धरलेला असतो. बारा टक्क्यांनी फुगवताना कुणाचा हात थरथरत नाही. सातने आटवायला घेतलं, की भविष्य किती अनिश्चित आहे यावर प्रवचन सुरू होतं.