मोठे डाक्टर कवा येतीन?

आमच्या वर्ध्याकडच्या दवाखान्यांत हे नेहमीचंच. ऑपरेशन जिनं केलं तीच सर्जन सकाळी खाटेपाशी उभी राहून टाके बघते, नातेवाइकांना पथ्य समजावते. पेशंटचा म्हातारा बाप सगळं ऐकून घेतो आणि विचारतो, "सिस्टर, मोठे डाक्टर कवा येतीन?"

म्हाताऱ्याचा राग येत नाही. त्यानं मोठ्या खुर्चीत जन्मभर पुरुषच पाहिला. राग येतो तो शिकल्या-सवरलेल्यांचा. याच जिल्ह्यात, सेवाग्रामला, १९६९ मध्ये देशातलं पहिलं ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय एका बाईनं उभं केलं. डॉ. सुशीला नायर. त्याआधी त्या देशाच्या आरोग्यमंत्री होत्या. सेवाग्राम त्यांना 'बडी बहनजी' म्हणायचं आणि त्यांचा शब्द पाळायचं. आज त्याच जिल्ह्यात एमबीबीएस झालेल्या पोरीला घरचे-दारचे सांगतात, "ऑर्थो कशाला घेतेस? गायनॅक घे, नाहीतर स्किन घे. संसार सांभाळता येईल."

जरा हिशेब मांडा. बारावीनंतर एमबीबीएसची साडेपाच वर्षं, एमडी-एमएसची तीन, सीनियर रेसिडेन्सीचं एक. कुठंही न अडखळता सहायक प्राध्यापक झाली तरी सत्ताविशी उलटते. पुढं सहयोगी व्हायला चार वर्षं, प्राध्यापक व्हायला आणखी तीन, शिवाय शोधनिबंध. म्हणजे चढायच्या साऱ्या पायऱ्या सत्तावीस ते पस्तीस या वयात, आणि लेकरंही त्याच वयात. सुपरस्पेशालिटीची तीन वर्षं तर मी धरलीच नाहीत. तिच्या बॅचचा मित्र याच काळात बाप होतो आणि बढतीही घेतो. मूल कोण सांभाळणार, हे मुलाखतीत त्याला कुणी विचारत नाही. तिला विचारतात. हा प्रश्न विचारणाऱ्याला मुलाखतीच्या टेबलावरून उठवलं पाहिजे, असं माझं स्पष्ट मत आहे.

२०१७ च्या दुरुस्तीनं कायद्यात सव्वीस आठवड्यांची भरपगारी प्रसूती रजा आली. पन्नास किंवा जास्त माणसं कामाला असतील तिथं पाळणाघरही सक्तीचं झालं. पण इमर्जन्सी रात्री दोनला येते. रात्रपाळीला उघडं असलेलं पाळणाघर हवं, डॉक्टरांसाठी आणि सिस्टरांसाठीही. रजेचे आठवडे बढतीच्या सेवाकाळात धरायला हवेत. कोणत्या विभागाची प्रमुख बाई आहे आणि कोणत्या विभागात ती आजवर कधीच झाली नाही, याची यादी प्रत्येक महाविद्यालयानं दरवर्षी दर्शनी भागात लावावी.

एक काम तर उद्या सकाळच्या राउंडलाच होण्यासारखं आहे. म्हाताऱ्यानं विचारलं की शेजारच्या पुरुष डॉक्टरानं फाइलमधून मान वर करून सांगावं, "बाबाजी, ह्याच मोठ्या डाक्टर. तुमच्या पोरीचं आपरेशन ह्यायनंच केलं."